पाठवणी आधी, हळद नंतर

मला शांत करण्यासाठी बनवलेल्या एका खेळानं मला जितकं संतापवलं, तितकं ठाण्याच्या आमच्या कचेरीत खिडकीवर येणाऱ्या कुणीही आजवर संतापवलेलं नाही. आणि तिथं माणसं येतात तीच मुळी भांडायची तयारी करून. मीही तयारीतच बसलेली असते. माझा आवाज मोठा, पट्टी कायम चढलेली, आणि सूर तर कधीच नव्हता. मी घरात बोलायला लागले की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेतात, असं माझा नवरा म्हणतो. शेजारची इमारत आमचीच आहे आणि भाडेकरूही आमचेच, त्यामुळे ते तोंडावर काही बोलत नाहीत.

डोंबिवलीत राहतो म्हटलं की लोक विचारतात, मूळचे कुठले? आम्ही मूळचे इथलेच. आम्ही डोंबिवलीला आलेलो नाही, डोंबिवली आमच्या शेतात आलीय. आता टॉवर आहेत तिथं माझ्या सासऱ्यांचं भात पिकायचं आणि खाली खाडीच्या अंगाला मिठागरं होती. आज भात नाही, मीठ नाही. गावठाण आहे, गावदेवी आहे, आणि घरात लग्न निघालं की धवला आहे.

धवला म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नातली गाणी. पण ती करमणुकीची नव्हेत. मांडव घालायचा, देवांना बोलवायचं, तेल चढवायचं, हळद लावायची, लग्न लावायचं, पोरीला वाटेला लावायची, या प्रत्येक कामाचा आपला धवला असतो, आणि ते काम चाललेलं असताना तो धवलारणीनं म्हणायचा असतो. भटजी आता सगळेच बोलावतात. पण धवलारणीनं तोंड उघडल्याशिवाय आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी चुलतसासू. तिला सगळे काकीच म्हणतात. डोळ्यांसमोर कुणी गरीब बिचारी म्हातारी आणू नका. काकी दोन इमारतींची मालकीण आहे, गळ्यात ठसठशीत सोनं घालून भाजी आणायला जाते आणि मीटरवरून रिक्षावाल्यांशी असं भांडते की मलाही शिकण्यासारखं असतं. मी लग्न होऊन विठ्ठलवाडीहून या घरात आले, त्याच वर्षी नात्यात एक हळद होती. मी हौसेनं धवला म्हणणाऱ्या बायकांत जाऊन बसले आणि मोकळ्या गळ्यानं मागं म्हणू लागले. काकी थांबली. साऱ्या मांडवानं माझ्याकडं पाहिलं.

"बाय गो," काकी म्हणाली, "तुना सूर नाय. जा, पोरांना जेवाला वाढ."

तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात माझ्या हाती भाताचं पातेलं आलं. वाढता वाढता कानावर धवला पडायचाच, कान काही कुणी बंद करू शकत नाही. कशामागून काय येतं, तेल चढवताना कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागून, हे मला न शिकता पाठ झालं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

माझी मुलगी ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांना आवाज द्यायचं काम करते. पावलांचा आवाज, दाराचा आवाज, पाण्याचा आवाज. एवढं शिकून पाण्याचा आवाज काढते, असं मी पहिल्यांदा म्हटलं होतं आणि तिनं आठवडाभर अबोला धरला होता. मग तिनं माझ्या फोनवर त्यांचा नवा खेळ टाकून दिला. काळ्याशार पाण्यावर पानं तरंगत असतात. पानाला बोट लावलं की त्यातून गाण्याचा एक तुकडा ऐकू येतो. पानं ओळीनं लावायची. ओळ जुळली की गाणं वाहायला लागतं आणि पाण्यात दिवे सोडल्यासारखा उजेड होतो. घड्याळ नाही, गुण नाहीत, कुणी हरत नाही. ओळ चुकली तर पानं हळूच मागं सरकतात आणि अक्षरं येतात, "पुन्हा एकदा, सावकाश."

खरं सांगते, मला तो खेळ आवडला. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मी कानाला लावून दोन-तीन ओळी जुळवायची आणि मग खिडकीवर जायची. गाता न येणाऱ्या माणसाला गाणं जुळवता येतं, याचं मला अप्रूप वाटलं. समोरचा ओरडायला लागला की मी मनात म्हणायची, पुन्हा एकदा, सावकाश. शेजारच्या खिडकीवरची बाई तर म्हणाली, अगं, तुझी तब्येत बरी आहे ना?

मग एका संध्याकाळी पोरगी म्हणाली, "आई, खेळात आपला धवला घ्यायचाय. काकीआजीचा."

मी म्हटलं, तीच तुला हाकलून देईल. पण काकी खूश झाली. फक्त तिच्या अटी होत्या. मांडव नाही तर धवला नाही. आमच्या हॉलमध्ये मांडव कुठून आणायचा? शेवटी माइकच्या स्टँडला आंब्याचा टाळा बांधला, खाली तांदूळ, नारळ आणि दिवा ठेवला. मग काकी म्हणाली, नवरी कुठाय? कुणाला उद्देशून म्हणू? तेव्हा पोरीलाच पाटावर बसवलं. हेडफोन लावून पाटावर बसलेली आमची नवरी, समोर काकी. अर्ध्यावर वीज गेली आणि पोरीची यंत्रं बंद पडली. पोरगी हातवारे करून "आजी, थांब" म्हणत होती. काकी थांबली नाही. अंधारात दिव्यापुढं तिनं पाठवणीपर्यंत सगळा धवला पुरा केला.

"अर्धा टाकाचा नसते," नंतर ती म्हणाली. "पोर अर्धी लगनाची ऱ्हाते."

वीज आल्यावर नवा नारळ ठेवून तिनं पहिल्यापासून सगळा पुन्हा म्हटला. माझ्या पोरीसाठी काकीनं असा दोनदा धवला म्हटला, आणि दोन्ही वेळा पाठवणीला तिचा आवाज खाली, अगदी पोटात गेला होता. आई पोरीला सांगते, मागं वळून बघू नको, मी दारात नाही, असं त्याचं बोलणं. आई दारातच असते. मी पातेलं धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

पुढं पावसाळ्यात काकीच्या गळ्याची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, काकी आठवडाभरात घरी आली, पण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली ती नुसती फुंकर. जिच्या एका हाकेवर गल्लीतली पोरं घरात पळायची, ती बाई आता पाणी हवं असलं तर भांडं वाजवायची. आम्ही सगळेच तिच्यासमोर उगाच हळू बोलायला लागलो.

त्यामुळे खेळात धवला आला त्या दिवशी घरात सणासारखं झालं. निदान आवाज कुठंतरी राहिलाय, असं प्रत्येकाच्या मनात होतं. टॅब्लेट काकीच्या मांडीवर ठेवला. पानं तरंगत आली. काकीनं एका पानाला बोट लावलं आणि तिचा स्वतःचा जुना आवाज खणखणीत बाहेर आला. तिनं डोळे मिटले. मग एकेक पान ऐकत तिनं ओळ लावली. मांडव, देव, तेल, हळद, लग्न, पाठवणी. शेवटचं पान ठेवलं.

पानं हळूच मागं सरकली. "पुन्हा एकदा, सावकाश."

काकीला वाटलं, आपलंच बोट घसरलं. तिनं परत लावली. पुन्हा एकदा, सावकाश. तिसऱ्यांदाही तेच. ज्या बाईनं उभ्या गावाची लग्नं लावली, तिला तिच्याच आवाजातला धवला येत नाही, असं एक पानाफुलांचं खेळणं अदबीनं सांगत होतं. काकीनं माझ्याकडं पाहिलं आणि पुटपुटली, "यो मना सांगते, चुकला म्हनून?"

पोरीचा चेहरा उतरला होता. तिनं गुपचूप बोट फिरवून 'बरोबर' ओळ लावून दाखवली. दिवे उजळले. गाणं वाहायला लागलं. आधी पाठवणी. मग तेल. मग मांडव. मग लग्न, मग देवांना आमंत्रण, आणि सगळ्यात शेवटी हळद.

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरगी रडवेली होऊन सांगत होती की तिनं तुकडे नीट क्रमानं दिले होते. पण वरच्या लोकांना ते खालच्या सुरापासून वर चढत जाणारे हवे होते, म्हणजे ऐकणाऱ्याला एकदम दचकायला होत नाही. पाठवणीचा सूर सगळ्यात खालचा, म्हणून ती पहिली. हळदीचा सगळ्यात वरचा, म्हणून ती शेवटी. एवढंच. शब्द कुणाला कळतच नव्हते. भाताच्या गोणी वजनानं रचाव्यात तसं त्यांनी लग्न रचलं होतं.

काकी माझा हात ओढून कानाशी म्हणाली, "लगीन लागाचे आधी पोर वाटेला लावली, मंग हलद कोनाला लावतान?" आणि थोड्या वेळानं, "माज्या मागं ह्योच ऱ्हानार."

ते मला सहन झालं नाही. आवाज गेला तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शनिवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि काकीला घेऊन मी थेट ठाण्याला त्या कंपनीत गेले. पोरगी विनवण्या करत होती, आई, माझी नोकरी आहे तिथं. मी म्हटलं, माझीही आहे नोकरी, म्हणून मला माहितीय खिडकीच्या पलीकडून कसं बोलायचं असतं. काचेची इमारत, आत बसायला जमिनीवर मऊ पोती पसरलेली. त्यात बसलं की माणूस परत उठत नाही, आणि भांडायला तर मुळीच येत नाही. काकीनं त्या पोत्याकडं एकदा पाहिलं आणि उभी राहिली. मग धावपळ करून खुर्ची आणली.

साहेब तिशीतला, पायात पांढरे बूट. तो काकीच्या पाया पडला, आणि मला त्यातला खोटेपणा काढता आला नाही म्हणून अजूनच राग आला. तो म्हणाला, "आजी, तुमचा व्हॉइस म्हणजे थेरपी आहे. लोक तुमचं गाणं लावून झोपतात."

"कुठलं गाणं लावून?" मी विचारलं.

"पहिलं. ते स्लो आहे ना, एकदम सूदिंग."

"त्यात आई रडतेय," मी म्हटलं. "पोरगी घरातून जातेय आणि आई रडतेय. त्यावर लोक झोपतात?"

"हो, पण मॅडम, शब्द कुठे कळतात कोणाला? फील महत्त्वाचा."

मग माझा आवाज चढला. त्या मजल्यावरची सगळी डोकी संगणकावरून वर झाली. मी म्हटलं, तुमच्या लग्नाच्या व्हिडिओत पहिल्यांदा बायको माहेरी निघून गेलेली दाखवली, मग वरात, आणि शेवटी साखरपुडा, तर चालेल का? फील तोच ठेवू. हवं तर पाण्याचा आवाजही घालू. तो ओशाळून हसला. म्हणाला, तुमचा पॉइंट घेतला, पुढच्या अपडेटमध्ये बघतो. 'बघतो' या शब्दाचा अर्थ मला विचारा. मी गेली कित्येक वर्षं खिडकीतून तोच शब्द लोकांना देतेय. अपडेट आले, नवी पानं आली, कमळं आली, बेडूकही आले. धवला तसाच उलटा राहिला.

आणि तो पसरला. आमच्या गावठाणातल्या पोरींनी काकीआजीचा आवाज म्हणून खेळ उतरवून घेतला. पोरी हुशार, गळे गोड. ज्यांना काकी वर्षानुवर्षं "बसा गो, शिका" म्हणून बोलावत होती आणि ज्यांना क्लास होते, परीक्षा होत्या, त्यांना आता तिचा धवला जसाच्या तसा येत होता. काकी श्वास कुठं घ्यायची, शब्द कुठं लांबवायची, सगळं. फक्त क्रम खेळातला. मी एकीला हटकलं तर म्हणते, "काकू, असाच आहे. नाहीतर दिवे लागत नाहीत."

अशात माझ्या पोरीचं लग्न ठरलं. मुलगा टिटवाळ्याचा, आमच्यातलाच. प्रश्न एकच होता, धवला कोण म्हणणार? पोरगी म्हणाली, "आई, पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, बरोबर क्रमानं. स्पीकरवर लावू." काकीनं मान हलवली. तिचं म्हणणं मी मोठ्यानं सांगितलं, कारण ती पुटपुटली तर कुणाला ऐकू जात नव्हतं. धवला हातांकडं बघून म्हणायचा असतो. तेल सांडलं तर थांबायचं, कुणी रुसून बसली तर तिचं नाव घालून तिला उठवायचं. मशीन हातांकडं बघत नाही. मग पोरी म्हणाल्या, आम्ही म्हणतो ना, आम्हाला येतो. काकीनं त्यांना समोर बसवून क्रम सांगितला. पोरींनी माना डोलावल्या. मी साड्या, पाहुणे आणि केटरिंगवाला यांच्यात बुडालेले होते, मी विश्वास ठेवला.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला. पोरगी पाटावर बसली. तेलाची वाटी आली. पोरींनी एकमेकींकडं पाहिलं आणि एका सुरात सुरुवात केली. इतकं गोड की बायकांचे हात थांबले.

मागं वळून बघू नको, मी दारात नाही.

त्यांची चूक नव्हती. शेकडो वेळा बोटानं जे लावलं तेच तोंडातून आलं. पण माझ्या पोरीला अजून तेलाचा थेंब लागला नव्हता आणि तिला मांडवातून वाटेला लावत होते. माझ्या हातात सवयीनं भाताचं पातेलं होतं. काकीनं उठून तेलाशेजारचं तांब्याचं ताट उचललं आणि पाटाच्या कडेवर आपटलं. मांडव चिडीचूप झाला. काकी बोलायला लागली. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि पुढच्या रांगेलासुद्धा काही ऐकू जात नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, अरे, स्पीकर लावा रे. दोन-तीन पोरं हसली.

ते हसू ऐकलं आणि माझा तोल गेला. पातेलं खाली ठेवलं, काकीशेजारी जाऊन बसले आणि तिचा कान माझ्या तोंडाशी नव्हे, तिचं तोंड माझ्या कानाशी ओढलं. तिची फुंकर माझ्या कानात आणि शब्द माझ्या तोंडात. अर्धे तर तिनं सांगायच्या आधीच मला येत होते. पहिली ओळ मी ओरडलेच, खिडकीवर ओरडते तशी. बायका दचकल्या. दुसऱ्या ओळीला कुणी हसलं नाही. मांडव, देव, तेल. चुलतजावेच्या हातून तेल सांडलं, मी थांबले, काकीनं नाव सांगितलं, मी ते घातलं. हळद लागली. सूर नव्हताच, तो कुठून येणार? काकीनं माझा दंड गच्च धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी लग्नालाही मीच बसले. नवरीची आई धवला म्हणते असं कुणी ऐकलंय का, म्हणून टिटवाळ्याकडच्या बायका कुजबुजल्या. मी त्यांच्याकडं बघून अजून मोठ्यानं म्हटलं. सगळा वेळ मला राग होता. त्या साहेबावर, दिव्यांवर, पानांवर, हसणाऱ्या पोरांवर, आणि हो, काकीवरही. सूर नाही म्हणून उठवलं होतं ना? मग आता? त्या रागावरच मी तिथपर्यंत आले होते.

संध्याकाळी पोरगी गाडीशी उभी राहिली. काकीनं माझ्या कानात सांगितलं, "बोल."

मी तोंड उघडलं. मागं वळून, एवढं म्हटलं आणि माझा आवाज थांबला. डोंबिवलीत ज्याला लोक खिडक्या लावतात, तो आवाज आलाच नाही. राग शोधला, तोही सापडला नाही. काकी दंड हलवत होती, अर्धा टाकायचा नसतो, आणि तिच्याकडं फुंकरीपलीकडं काही नव्हतं. पोरगी आमच्याकडं बघत उभी होती, अर्ध्या लग्नाची.

तेव्हा मागून पोरींनी उचललं. हा तुकडा त्यांना सगळ्यात पक्का येत होता, पहिलं पान ते. सूर पोटात गेलेला, श्वास काकीचा, शब्द लांबवायची रीत काकीची. काकीनं वळून पाहिलं. तिचा गेलेला आवाज तिच्यामागं सात-आठ गळ्यांत उभा होता आणि माझ्या पोरीला वाटेला लावत होता. पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. गाडी गावदेवीच्या कोपऱ्याला वळेपर्यंत त्या म्हणत राहिल्या, पुरं केलं आणि मगच थांबल्या.

खेळावरचा माझा राग कमी झालेला नाही. मी तो फोनवरून काढून टाकलाय आणि त्या साहेबाला अजून दर महिन्याला मेल पाठवते. पण त्या संध्याकाळी मी रडत होते आणि काकी माझ्या कानाशी आली. मला वाटलं समजूत घालेल.

"आता धवला जाग्यावर आला," ती म्हणाली. "उद्याला पोरींना बसव. क्रम तू सांग."